एक संगणक, दोन कार्यप्रणाली

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारे कित्येक संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून येणाऱ्या, घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढणाऱ्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला बहुधा असाच, मुंबईच्या नातलगाने वापरून दिलेला संगणक येतो. तो भंगारात घालणे आम्हांला परवडणारे नाही. त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चालू शकते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही लिनक्सच. पण टंकलेखनाचा सराव विंडोजवर, ती काढून कसे भागेल? तेव्हा दोघींना एकाच घरात नांदवावे लागते. ही व्यवस्था बूटलोडर पाहतो.

महाडहून सुटलेली एस.टी. पोलादपूरला आली की एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातो, दुसरा कशेडीकडून खेडला. बूटलोडर हा त्या फाट्यावरचा माणूस समजा. कुठे जायचे ते तो विचारतो, काही सेकंद थांबतो आणि उत्तर न मिळाल्यास ठरलेल्या रस्त्याला गाडी लावतो. पुढे घाटात त्याचे काम नाही. (यातला 'बूट' पायातलाच बरे का! बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून हा शब्द आला.)

जुन्या पद्धतीच्या संगणकात या माणसाला जागा किती? डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांपैकी फक्त ४४६. उरलेल्यांत ६४ बाइट कप्प्यांची नोंद आणि २ बाइट खूण. एवढ्यात मावणार काय? म्हणून लिनक्सचा प्रचलित बूटलोडर 'ग्रब' तेथे केवळ एक चिमुकला भाग ठेवतो आणि तो पुढचा मोठा भाग हाक मारून आणतो. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्रबचे काम सुरू केले.

क्रमाला येथे फार महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत विंडोज बसवताना ती त्या ४४६ बाइटांवर बेलाशक आपलेच लिहिते, म्हणून विंडोज आधी, लिनक्स नंतर. यूईएफआय असलेल्या संगणकात प्रत्येकीचा बूटलोडर एका सामाईक कप्प्यात स्वतंत्र राहतो, त्यामुळे भांडण कमी. तत्पूर्वी टिपणे, फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, विंडोजमधूनच तिचा कप्पा आखडावा आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. नाहीतर विंडोज पुरती न मिटता अर्धवट झोपते व लिनक्सला तिच्या कप्प्यात लिहिता येत नाही. बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची किल्ली आधी वहीत उतरवावी.

भांडण कमी म्हटले, संपले नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या अनेक संगणकांवरचे लिनक्स उघडेनासे झाले. तेव्हा लिनक्सचा पेनड्राइव्ह पुसून टाकू नये.

माझ्या मते इंटरनेटची कामे लिनक्सवर करावीत आणि जुन्या विंडोजवर जाळे बंद ठेवून फक्त सराव करावा. मात्र एक गंमत होईल. विंडोज यंत्रातले घड्याळ भारतीय वेळेवर ठेवते, लिनक्स जागतिक वेळेवर. त्यामुळे इकडून तिकडे गेल्यावर साडेपाच तासांचा फरक दिसतो. लिनक्सला यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानायला सांगितले की तो मिटतो.