जुलाब लागले तर बाळाचे पाणी तोडू नका



या अंकात मी लहान बाळाच्या जुलाबांविषयी लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, हा काय लिहिण्यासारखा विषय झाला? पण आपल्यातल्या पुष्कळांचे आई-बाबा सकाळीच रानात जातात. सुट्टीच्या दिवशी धाकटं भावंड आपल्याच कडेवर असतं. त्याला जुलाब लागले, तर मोठी माणसं घरी येईपर्यंतचे तास आपल्या हातात असतात. तेवढ्या वेळात काय करावे आणि काय करू नये, हे आपल्याला आलेच पाहिजे.

जुलाब कशाला म्हणायचे?

दिवसरात्रीत, म्हणजे २४ तासांत, ३ किंवा जास्त वेळा पाण्यासारखी पातळ शी झाली तर ते जुलाब समजावेत. आपल्याकडे कोणी त्याला ढाळ म्हणतात, कोणी हगवण. अंगावर पिणारे तान्हे बाळ दिवसातून पुष्कळदा मऊ शी करते. ते हसत-खेळत असेल आणि वजन वाढत असेल, तर तो आजार नव्हे.

दात येताना जुलाब होतातच, असे पुष्कळजण म्हणतात. खरे कारण निराळे आहे. त्या वयात बाळ रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. खुळखुळा, चप्पल, माती, काहीही! त्याबरोबर जंतू पोटात जातात. म्हणून 'दाताचे आहेत' म्हणून गप्प बसू नये.

धोका कशात आहे?

तान्ह्या बाळाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग पाण्याचा असतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळात तर सुमारे ७५ टक्के पाणी असते. जुलाबावाटे हे पाणी आणि त्याबरोबर अंगातले क्षार निघून जातात. मोठ्या माणसाची घागर मोठी, बाळाचा तांब्या लहान. तांब्या लवकर रिकामा होतो. बाळ दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी संपल्यामुळे.

आम्ही वर्गात गुरुजींसमोर एक प्रयोग केला. प्लास्टिकची बाटली घेतली, तळाजवळ बारीक भोक पाडून त्यात काडी खोचली. बाटली पाण्याने काठोकाठ भरली आणि तोंडावर फुग्याचे रबर ताणून दोऱ्याने घट्ट बांधले. हे झाले आमचे बाळ आणि रबर म्हणजे त्याची टाळू. काडी काढली, थोडे पाणी गळाले, आणि रबर आत ओढले गेले! बाळाची टाळू खोल जाते तेव्हा पाणी कमी झाल्याची ती खूण असते. त्यावर नुसते तेल भरून ती वर येत नाही. आत गेलेल्या पाण्यानेच येते.

आमची आजी म्हणायची, "पाणी पाजू नको गं, जुलाब वाढतील." तिला तिच्या आजीने तसेच सांगितले होते. पण गळक्या घागरीत पाणी ओतायचे थांबवले, तर घागर लवकरच कोरडी पडेल की नाही? आशाताईंनी हेच तिला नीट समजावले. आता आजीच शेजारच्या बायकांना सांगते, "आधी पाणी पाजा."

मीठ आणि साखर दोन्ही का?

आपले आतडे मीठ आणि साखर जोडीने आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे असते. म्हणून योग्य प्रमाणात मीठ-साखर घातलेले पाणी अंगी लागते. साखर फार झाली तर उलटे होते, पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर तेही बाळाला घातक. म्हणून प्रमाण महत्त्वाचे.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित आपल्या देशात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे त्यांच्यात पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाणी पेल्याने पाजू लागले. आधी १०० रोग्यांत सुमारे ३० दगावत होते, ते प्रमाण ४ च्याही खाली आले. २०२२ साली डॉक्टरांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. लक्षात घ्या, ते पाणी पाजणारी माणसे डॉक्टर नव्हती. आई, मावशी, भाऊ असेच कोणीतरी होते.

जलसंजीवनी कशी करावी?

१. साबणाने हात धुवावेत. उकळून गार केलेले, नाही तर स्वच्छ पिण्याचे पाणी घ्यावे.

२. ओ.आर.एस.ची पुडी आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घालावी. मोठी पुडी १ लिटरची असते. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. दूध, चहा किंवा सरबतात ती कालवू नये.

३. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. चव घेऊन पाहावी. आपल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि नवे करावे.

४. केलेले पाणी झाकून ठेवावे. २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे.

दुकानातले गोड पेय किंवा नुसती ग्लुकोज पावडर म्हणजे जलसंजीवनी नव्हे, हे ध्यानात ठेवा.

किती पाजावे?

प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांच्या आतील बाळाला पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला पाजावे. पेला साधारण २०० मिलिलिटरचा धरावा. बाटलीने पाजू नये. वाटी-चमच्याने घोट घोट द्यावे. ओकारी झाली तर १० मिनिटे थांबावे आणि मग आणखी हळूहळू पाजावे.

अंगावरचे दूध मुळीच तोडू नये, उलट जास्त वेळा पाजावे. जेवणाऱ्या मुलाला मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, केळे, ताक द्यावे. उपाशी पोर लवकर बरे होत नाही. २ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. वयाप्रमाणे किती द्यायची ते आशाताई सांगतात. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करावेत. जुलाब बंद करायचे औषध मनाने आणून बाळाला देऊ नये. पोटाला डाग तर कधीच देऊ नये.

केव्हा धावत जावे?

• बाळ मलूल पडले, हाक मारली तरी नीट जागे होत नाही
• पाणी पीत नाही, किंवा प्यायलेले सगळे ओकते
• डोळे खोल गेले, किंवा टाळू आत गेली
• पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन सपाट होत नाही
• शीमधून रक्त पडते
• फार ताप आहे, किंवा लघवी होईनाशी झाली
• बाळ २ महिन्यांपेक्षा लहान आहे

यातले एक जरी दिसले तरी मोठ्या माणसाला ताबडतोब बोलावा. आशाताईंना निरोप द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ ला फोन करा. बाळ शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर वाटेतही घोट घोट पाजत राहा. निपचित पडलेल्या बाळाच्या तोंडात मात्र काही ओतू नये.

जुलाब होऊच नयेत म्हणून

शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. बाळाची शी उघड्यावर टाकू नये, शौचकुपात टाकावी. पाणी झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने काढावे. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. रोटाव्हायरस नावाच्या विषाणूने होणाऱ्या जुलाबांवर लस आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे बाळ झाले की ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

सांगा पाहू!

१. एक लिटर पाण्यात साखर किती चमचे आणि मीठ किती?
२. ओकारी झाली तर किती वेळ थांबाल?
३. तुमच्या घरी आत्ता ओ.आर.एस.ची पुडी आहे का? कोणत्या डब्यात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज घरी जाऊन शोधा. पुडी नसेल तर उद्याच आशाताईंकडून मागून आणा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी