किल्लारीचा भूकंप आणि आपल्या घरांच्या भिंती

मंठाळहून वायव्येस सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर गेले म्हणजे लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथील भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून उशिरा परतलेली मंडळी गाढ झोपेत होती. काही क्षणांतच औसा व उमरगा तालुक्यांतील कित्येक गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गडप झाली आणि आठ ते दहा हजार माणसे प्राणांस मुकली. हा हादरा आपल्या भागातही जाणवला. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्या विद्यार्थ्यांनी त्यांना त्या पहाटेविषयी अवश्य विचारावे.

शास्त्रज्ञांनाही या भूकंपाने बुचकळ्यात टाकले. कारण समजण्यासाठी पृथ्वीच्या कवचाकडे वळले पाहिजे. हे कवच अखंड नसून अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. खालील तप्त व अतिशय मंद गतीने सरकणाऱ्या खडकांच्या थरावर ते हळूहळू सरकत असतात. खंडे सरकतात हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडला, तेव्हा पुष्कळांनी त्याची थट्टा केली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. त्याच्या विचाराला खरा मान मिळाला तो १९६० नंतरच्या दशकात, समुद्रतळाच्या अभ्यासातून भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला तेव्हा.

आपण ज्या भूपट्टावर राहतो तो वर्षाला चार-पाच सेंटीमीटर या वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकत आहे. १९९३ पासून आजवर किल्लारी, मंठाळ आणि आपली शाळा, सारी मिळून सुमारे दीड मीटर पुढे गेली आहेत! सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाच्या भूपट्टास भिडला. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, आणि तो रेटा अद्याप थांबलेला नाही.

जगातील बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात. किल्लारी मात्र अशा कडेपासून शेकडो कोस दूर, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा पाषाण म्हणजे जणू वज्र, असा सर्वांचा समज होता. भूकंपाच्या भीतीनुसार देशाचे जे विभाग पाडले होते, त्यांत हा मुलूख सर्वांत निर्धोक विभागात होता. वास्तविक १९९२ मध्येच किल्लारीत लहान हादरे बसून गेले होते. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल विंधन घेतले. तेव्हा कळले की काळ्या पाषाणाची जाडी तेथे अवघी ३३८ मीटर आहे. त्याखाली पुरातन खडक आहेत आणि त्यांत जुन्या भेगा आहेत. हिमालयाकडून परतणारा ताण भूपट्टाच्या पोटातही साठत राहतो, आणि एखादी दुर्बळ भेग तो सोसेनाशी झाली की खडक एकाएकी सरकतो. किल्लारीस हे दहा किलोमीटर किंवा त्याहूनही कमी खोलीवर घडले. २००२ मध्ये तो नकाशा सुधारून किल्लारीचा परिसर वरच्या विभागात घालण्यात आला.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात, कारण साठलेल्या पाण्याचा दाब खडकांतील भेगांपर्यंत पोचतो.

खडक सरकला की लहरी निघतात. प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात, तर दुय्यम लहरी सुमारे साडेतीन. छप्पन्न किलोमीटरांवर पहिली लहर नऊ सेकंदांत व दुसरी सोळा सेकंदांत पोचते. दोहोंमधील अंतर सात सेकंदांचे. या सेकंदांना आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरांवर झाला ते स्थूलमानाने कळते. आकाशात वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून आपण विजेचे अंतर काढतो, त्याच जातीचे हे गणित आहे.

आता एका तुलनेकडे लक्ष द्यावे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी झालेल्या कच्छच्या भूकंपाचे मान ७.७ होते, किल्लारीचे ६.२. मानात एका अंकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीसपट वाढ. त्या हिशेबाने कच्छच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट होती. मृतांची संख्या मात्र पावणेदोनशे पट नव्हती. सरकारी आकड्यांनुसार ती चौदा हजारांच्या आत होती. किल्लारीचा भूकंप उथळ होता व वेळ झोपेची होती, हे खरेच. परंतु आमच्या मते याहून मोठे कारण घरांत होते, आणि तशी घरे आजही आपल्या गावांत उभी आहेत.

दगडमातीचे माळवदी घर उन्हाळ्यात किती गार असते हे आपणांस सांगावयास नको. त्याची भिंत दोन हात रुंद असली तरी ती एकसंध नसते. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. धक्का बसला की दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात व फुगून कोसळतात. वर माळवद असते. गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर माती टाकली जाते आणि जुनी कोणी काढीत नाही. तीन मीटर लांब व तितक्याच रुंद खोलीवर पंचेचाळीस सेंटीमीटर जाडीची माती धरली, तर तिचे वजन सुमारे साडेसहा हजार किलो भरते. म्हणजे शंभर किलोंची ज्वारीची पासष्ट पोती झोपलेल्या कुटुंबाच्या माथ्यावर! किल्लारीकडे काही ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. सांधे पक्के असलेले लाकूड वाकते, हलते, पण सहसा तुटत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. भिंत रचताना ठराविक अंतरावर तिच्या दोन्ही बाजूंस पोचणारा लांब दगड आडवा घालावा. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी सर्व भिंतींना वेढणारा लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा बांधावा, म्हणजे चारी भिंती एकमेकींस धरून राहतात. जुन्या घराच्या माळवदावरील जादा माती उतरवणे हे तर घरच्या घरी होण्यासारखे काम आहे. धाब्यावर नवी माती टाकण्यापूर्वी एका कोपऱ्यात खणून जुनीची जाडी मोजावी आणि वर दिलेला हिशेब आपल्या खोलीच्या मापांनी वहीत करून पाहावा. एक घनमीटर माती १६०० किलो धरावी.