सांगायचं दोन्हीकडे

चि. मुक्तास,


दादाच्या मृत्युपत्राप्रमाणे कोथरूडचा फ्लॅट सोसायटीच्या दप्तरी तुझ्या नावावर चढला. आता भाडेकरू येतील, आणि त्यांच्या आधी सल्ले देणारे येतील. “पुण्यातलं भाडं अमेरिकेत कोणाला कळतंय?” म्हणणारा तुला एडिसनमध्येच भेटेल. “ती तिकडची, तिला इथे कसला टॅक्स?” म्हणणारे आपल्याच घरात आहेत. दोघांचंही ऐकू नकोस. ग्रीनकार्ड घेतलंस म्हणजे जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये जातं, आणि घर भारतात म्हणून भाड्यावर भारतही कर लावतो. दोन देशांत १९८९ साली झालेला करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर बसत नाही. पण करार वाचवतो तो दुहेरी कर. दोन्हीकडे सांगणं काही चुकत नाही.

सर्वांत आधी ज्यावर मुळी करच नाही ते उरकून घे. आपल्याकडचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला आणि अमेरिकाही तुझ्याकडून या वारशावर कर मागत नाही. पण परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून जास्त वारसा आला, तर तो फॉर्म ३५२० वर कळवावा लागतो, आणि कोथरूडचा फ्लॅट ती रेषा सहज ओलांडतो. कळवलं नाही तर दरमहा रकमेच्या ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत दंड. कर शून्य आणि दंड एवढा, हे मला अन्यायाचं वाटतं. पण माझ्या वाटण्याने आयआरएसचं काही अडत नाही.

मग सरकारमान्य व्हॅल्युअर गाठायचा आणि त्याच्याकडून एकाच फ्लॅटच्या दोन किमती लिहून घ्यायच्या. अमेरिकेच्या हिशेबात तुझी खरेदी किंमत म्हणजे दादा गेला त्या दिवसाचा बाजारभाव. भारत मात्र दादाचीच किंमत धरतो. त्याची खरेदी १९९४ ची असल्यामुळे १ एप्रिल २००१ चा भाव घेण्याची मुभा आहे, पण त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नाही. हे दोन्ही अहवाल आत्ताच करून घे. पंधरा वर्षांनी मागचा भाव काढायला बसलीस, तर तो सांगणारा माणूसही सापडायचा नाही.

आता भाडं. समज, महिना ३० हजार ठरलं. तू अनिवासी, म्हणून भाडेकरूने दर महिन्याला ३१.२ टक्के, म्हणजे ९,३६० रुपये टीडीएस कापून सरकारात भरायचा. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं, एजंटांना ठाऊक असलं तरी ते बोलत नाहीत. करारातच लिहून घे. वर्षाला १,१२,३२० रुपये कापले जातील, आणि गंमत अशी की यातला बहुधा एक रुपयाही कर म्हणून देणं लागत नाही. ३ लाख ६० हजारांतून महापालिकेचा कर वजा कर, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट घे, की रक्कम अडीच लाखांच्या आत येते. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही. (सगळे म्हणतात ते “बारा लाखांपर्यंत माफ” रहिवाशांसाठी, ते तुला लागू नाही.) म्हणजे रिटर्न भरलंस तर कापलेलं सगळं परत, नाही भरलंस तर गेलं.

इथेच लोक फसतात. अमेरिकेत परदेशी कराचं क्रेडिट मागताना टीडीएसचा आकडा टाकून मोकळे होतात. क्रेडिट मिळतं ते शेवटी देणं लागलेल्या कराचं. परत मिळालेल्याचं नाही. त्यात इथलं वर्ष एप्रिल ते मार्च, तिथलं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून हिशेब महिन्यावारीच ठेव. अमेरिकेच्या रिटर्नमध्ये इमारतीच्या किमतीवर तीस वर्षांत विभागून घसारा मिळतो, तोही घे. घेतला नाहीस तरी विकताना घेतलाच असं धरतात.

भाडं तुझ्या एनआरओ खात्यातच घे. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेला ती खाती कळवणारा एफबार भरावा लागतो. फ्लॅट त्यात येत नाही, खाती येतात. वहिनींच्या पेन्शनच्या खात्यावर तुझं दुसरं नाव आहे ना? तेही येतं, आणि त्यातली पूर्ण रक्कम येते.

महापालिकेचं थोडक्यात: स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाडेकरू आल्यावर सोडून द्यायची, आणि बिल वेळेत भरायचं, थकलं की महिन्याला २ टक्के चढतात.

पुढे कधी विकायचा झाला, तर बिल्डिंगमधले सांगतील की घेणारा एक टक्का कापतो. तो विकणारा रहिवासी असेल तर. तुझ्याकडून घेणारा पूर्ण किमतीवर साडेबारा टक्के आणि वर अधिभार, उपकर कापणार. सव्वा कोटीवर हे साधारण पावणेएकोणीस लाख होतात, नफा किती झाला हे न बघता. म्हणून इसारापूर्वी आयकर खात्याकडून कमी टीडीएसचा दाखला काढायचा. महागाई धरून २० टक्क्यांचा जुना पर्यायही फक्त रहिवाशांना आहे. तुझ्या अमेरिकी हिशेबात नफा थोडाच दिसेल, त्यामुळे इथे भरलेल्या कराचं क्रेडिट तिथे पुरतं वापरताही येणार नाही. म्हणून विकायची घाई नको असं माझं मत. बाकी तुझी मर्जी.

मुखत्यारपत्र माझ्या नावाने करशील ते नोटरी आणि अपोस्टिल करून पाठव. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून पाकीट तसंच पडू देणार नाही. करारावर सह्या मी करीन, महापालिकेची पावती आणीन. दोन्ही रिटर्न मात्र तुझी.

१९९४ चं करारपत्र आणि इंडेक्स टू वहिनींच्या कपाटात सापडले आहेत. रविवारी स्कॅन करून पाठवतो. तोवर फॉर्म ३५२० ची मुदत तुझ्या तिथल्या अकाउंटंटला विचारून ठेव.

तुझा,
काका