तोंडची शिवी आणि मनातली

ज्याच्या तोंडी शिवी, तो बुद्धीने कमी आणि मनाने हलका, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. पण वाचकहो, मागे एका वारीत मला याचा विचार नव्याने करावा लागला.

आमच्या दिंडीच्या सामानाच्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता. दोरी तुटली तरी शिवी, चहा गरम लागला तरी शिवी. दिवेघाट चढून सासवडला पोचलो, त्या रात्री त्याने तंबूशेजारीच कोणाला तरी आईवरून शिवी हासडली. मी उठलो आणि चारचौघांत त्याला म्हणालो, "आपल्यावर संस्कार झालेले दिसत नाहीत. आपण वारीत न येणेच बरे." शब्द स्वच्छ होते, 'आपण' म्हटले होते. तो मान खाली घालून गेला. पहाटे कळले की एका म्हातारीला ताप भरला म्हणून हा गडी रात्री दोन वेळा पावसात डॉक्टर शोधायला गेला होता. मी तेव्हा घोरत होतो.

आता बुद्धीचे पाहू. अमेरिकेतील टिमोथी जे आणि क्रिस्टिन जे या मानसशास्त्रज्ञांचे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना एक एक मिनिट देऊन एका अक्षराचे शब्द, प्राण्यांची नावे आणि शिव्या सांगायला लावल्या. ज्याला इतर शब्द पुष्कळ आठवले, त्यालाच शिव्याही पुष्कळ आठवल्या. म्हणजे शब्द सापडत नाहीत म्हणून माणूस शिव्या देतो, हे म्हणणे टिकत नाही. मात्र यावरून शिव्या देणारा हुशार असतो असे कोणी समजू नये. ठाऊक असणे वेगळे, उठल्यासुटल्या बोलणे वेगळे.

इंग्लंडात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायचा. शिवी उच्चारणारे लोक तो हात जास्त वेळ ठेवू शकले. पण २०११ साली त्यांनाच असे दिसले की, ज्यांना रोज शिव्यांची सवय, त्यांना हा फायदा कमी होतो. रोज काढलेल्या हत्याराची धार जाते, तसेच हे! मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्या रोग्यांच्या तोंडूनही कधी कधी शिवी तेवढी बाहेर पडते, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवले आहे. तेव्हा प्रत्येक शिवी विचार करून दिलेली असते असे नव्हे.

मग स्वभाव कशावरून ओळखायचा? कीर्तनात जिजाईची कथा आपण ऐकतो. तुकोबारायांची भाकरी घेऊन ती उन्हात डोंगर चढते आणि वाटेत त्या काळ्याच्या नावाने बोटे मोडते. पायात काटा मोडतो, आणि तो काढायला येतो कोण? तोच काळा. कथेतल्या देवाने तिचे बोलणे ऐकले असेल, पण डोक्यावरची पाटीही पाहिली. आमची आजी "मेल्या, मुडदा बशिवला तुझा" म्हणत म्हणतच ताटात जास्तीची भाकरी टाकायची. त्या शिवीने आम्ही कधी दुखावलो नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी लक्षणांत दंभ, दर्प, अभिमान, क्रोध यांच्या ओळीला पारुष्य बसवले आहे. पारुष्य म्हणजे कठोरपणा. तो गावंढळ बोलीतच असतो असे तिथे म्हटलेले नाही. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना पहिली अट आहे ती ऐकणाऱ्याला उद्वेग न होण्याची. म्हणजे मोजायचे ते ऐकणाऱ्याच्या मनात. त्या मापाने माझी 'आपण' घातलेली दोन वाक्ये कुठल्या रांगेत बसतील, ते वाचकांनीच ठरवावे.

याचा अर्थ ड्रायव्हर निर्दोष होता असा नाही. आपल्या बहुतेक शिव्या आई-बहिणीवरून आहेत. भांडण दोन पुरुषांचे, अब्रू मात्र तिसरीची, आणि ती बिचारी तिथे हजरही नसते. ही गोष्ट मला सुचली नव्हती, संस्कार काढणाऱ्याला! आमच्या दिंडीतल्या एका मावशीने जेजुरीच्या वाटेवर त्याला हाक मारून सांगितले, "बाबा, शिवी त्याला देतोस, पन नाव आमचं घेतोस रे." तो चपापला. "माउली, चुकलं," म्हणाला आणि तिच्या पाया पडला. मावशी त्याच्यावर रागावली नव्हती, चारचौघांतही बोलली नव्हती. नीरेपाशी जॅक निसटून त्याच्या बोटावर आला तेव्हा अर्धी शिवी बाहेर पडलीच. उरलेली अर्धी त्याने गिळली आणि बायका जवळपास नाहीत ना, ते वळून पाहिले.

मी त्याची माफी मागितली ती पंढरपुरात, दशमीच्या रात्री. तोवर रोज मनाशी म्हणत होतो, मी काही शिवी दिलेली नाही.