टायमिंग पट्टा बसविताना ताण किती ठेवावा?



ऊस, पाणी आणि खत यांवर या पत्रिकेतून आपण नेहमीच बोलतो. ह्या खेपेस विषय गाडीचा घेतला आहे. आपल्या जळगाव-धुळे भागात मारुती ८००, ओम्नी आणि टाटा इंडिका ह्या गाड्या अजून बऱ्याच चालतात. कंपन्यांनी त्या बनविणे थांबविले. ८०० चे उत्पादन २०१४ साली, इंडिकाचे २०१८ साली आणि ओम्नीचे २०१९ साली बंद झाले. तरी फैजपूर, चोपडा, शिरपूर, साक्री कोठेही जा, मळ्याच्या बांधाला त्यांतली एखादी उभी दिसते. तोडीच्या दिवसांत मजुरांचे पीठ-मीठ आणायला तीच, आणि रात्री-अपरात्री घरचे माणूस दवाखान्यात न्यायलाही तीच. ह्या गाड्यांच्या इंजिनात टायमिंग पट्टा असतो. हेड उतरविण्यासाठी किंवा ऑइल सील बदलण्यासाठी तो काढला, की परत बसविताना ताण चुकतो आणि पुढचे सगळे दुखणे तेथून सुरू होते.

आता पट्टा ही वस्तू आपल्याला नवी नाही. पिठाची चक्की, गुऱ्हाळाचा चरक, विहिरीवरचे ऑइल इंजिन, सगळीकडे आपण पट्टे चढविले आहेत. तो सपाट पट्टा पुलीला घासून, घट्ट धरून चालतो. सैल झाला की घसरतो, म्हणून आपण इंजिन मागे सरकवतो, पट्टा कापून जोडतो, वर राळ लावतो. ट्रॅक्टरच्या फॅन बेल्टचेही तेच. अंगठ्याने दाबून पाहायचा, बोटभर दबला तर ठीक, जास्त दबला तर डायनामो ओढून घ्यायचा. अशा कामाने हाताला एक खोड लागते की पट्टा जितका घट्ट तितका चांगला. ट्रॅक्टरला टायमिंग पट्टा बहुधा नसतोच, तेथे दाते असलेली चाके एकमेकांत बसलेली असतात. जुन्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीत साखळी होती. त्यामुळे ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्यांवर तयार झालेला आपला चांगला कारागीरसुद्धा हा पट्टा फॅन बेल्टसारखाच ओढून बसवतो. आमचे म्हणणे असे की खोट नेमकी येथेच आहे.

टायमिंग पट्ट्याला आतून दाते असतात. ते खालच्या क्रँकशाफ्टच्या आणि वरच्या कॅमशाफ्टच्या चाकांच्या खाचांत बसतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा आणि त्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडावेत-मिटावेत, एवढेच त्याचे काम. (दात्यांचा पट्टा मुळात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी निघाला, वरची सुई आणि खालची बॉबिन एका तालात राहावी म्हणून. मोटारीत तो १९६० नंतर पश्चिम जर्मनीत आला.) तेव्हा येथे घसरण्याचा प्रश्नच नाही. जोर दाते नेतात, ताण नेत नाही. ताण हवा तो फक्त एवढ्यासाठी, की दाता खाचेवर चढून पुढच्या खाचेत उडी मारू नये. त्यापेक्षा जास्त ताण दिला तर त्याचा उपयोग शून्य आणि नुकसान पुष्कळ.

जास्त ताणलेला पट्टा चालू गाडीत किणकिणल्यासारखा किंवा शिट्टीसारखा आवाज देतो. गाडीला काही होत नाही असे वाटते, पण टेन्शनरचे बेअरिंग आणि कॅमशाफ्टची पुढची बैठक रोज झिजत असते. पट्ट्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्याही थकतात. सैल पट्टा कव्हरला फटफट लागतो आणि एखाद्या हिसक्यात दाता सोडतो. हिसका कशाने बसतो? गाडी ढकलून गिअरमध्ये टाकून चालू केली त्याने, किंवा गिअरमध्ये उभी केलेली गाडी चढावर मागे सरकली, इंजिन उलटे फिरले त्याने. एक दाता सुटला तर गाडी चालते पण ओढत नाही, तापते, तेल जास्त खाते. दोन-तीन सुटले तर चालूच होत नाही. काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांना भिडतात. डिझेलमध्ये तर वर जागाच इतकी थोडी असते की पट्टा तुटला किंवा बराच सरकला, तर व्हॉल्व्ह वाकल्याशिवाय सहसा राहत नाही. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, गाइड पाहा. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च, आणि गाडी ऐन हंगामात गॅरेजमध्ये.

आता बसविण्याची रीत. मारुतीच्या जुन्या इंजिनाची सांगतो, कारण तीत तत्त्व स्वच्छ दिसते.

इंजिन पूर्ण थंड असावे. ॲल्युमिनियमचे हेड तापले की वाढते आणि त्याबरोबर पट्टाही ताणला जातो. म्हणजे गरम इंजिनावर बरोबर दिसणारा ताण थंडपणी कमी भरतो. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचे इंजिन हात लावू देत नाही. तेव्हा गाडी रात्रभर सावलीत ठेवून काम सकाळी धरावे. बॅटरीची वायर काढून ठेवावी. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, जागा अडचणीची आणि उजेड कमी, म्हणून टॉर्च हाताशी असू द्यावा. खुणा अंदाजाने पाहायच्या नसतात. जुनाच पट्टा परत घालायचा असेल तर काढण्यापूर्वी त्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढावा. पट्टा दुमडू नये, उलटा पिळून खिळ्याला टांगू नये, आतल्या दोऱ्या मोडतात. पट्टा काढलेला असताना क्रँक किंवा कॅम एकटा फिरवू नये.

यापुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. हेडचे वरचे झाकण काढून रॉकरचे ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करावेत आणि स्पार्क प्लग काढावेत. कारण असे, की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत रेटा देत असतात. त्या रेट्याने पट्ट्याची एक बाजू खोटीच ताठ दिसते आणि टेन्शनरच्या लहानशा स्प्रिंगला दुसरीकडची ढील ओढून घेता येत नाही. कॅम मोकळा फिरू लागला म्हणजे स्प्रिंग आपले काम करते.

मग दोन्ही चाकांच्या खुणा आपापल्या खुणांसमोर आणाव्यात. ऑइल इंजिनाच्या पट्ट्याची एक बाजू ताठ आणि दुसरी झोळ खाल्लेली असते हे आपण रोज पाहतो. येथेही तसेच. ज्या बाजूने क्रँक पट्टा ओढून घेतो ती बाजू आधी ताठ करून पट्टा चाकांवर चढवावा आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आणावी. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून स्प्रिंग लावावी. त्यानंतर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे द्यावेत. उलट फिरवू नये. खूण थोडी पुढे गेली तर मागे न आणता आणखी दोन फेरे द्यावेत. ह्या दोन फेऱ्यांत दाते खाचांत नीट बसतात आणि स्प्रिंग उरलेली ढील गिळते. खुणा परत समोरासमोर आल्या की टेन्शनरचा बोल्ट कंपनीच्या पुस्तकातील मापाने, टॉर्क पान्याने आवळावा. स्प्रिंगने दिला तेवढाच ताण. वरून पेचकस घालून ‘थोडे अजून’ म्हणून टेन्शनर रेटण्याची खोड काहींना असते, ती सोडावी. शेवटी रॉकरचे अंतर पुस्तकातील मापाने परत लावावे, हे विसरून चालणार नाही.

इंडिका डिझेलमध्ये हाच पट्टा डिझेलचा पंपही फिरवतो. त्यामुळे तेथे तीन ठिकाणच्या खुणा जुळवाव्या लागतात, आणि ताण चुकला तर व्हॉल्व्हबरोबर पंपाचा टायमिंगही बिघडून गाडी धूर टाकते. काही नव्या गाड्यांत टेन्शनरवर काटा असतो. तो खाचेसमोर आला म्हणजे ताण बरोबर. काहींत पट्टा नसून साखळी असते, उदाहरणार्थ स्विफ्ट डिझेल. म्हणून गाडीचे पुस्तक आधी पाहावे. हाताने आळवायच्या टेन्शनरसाठी जुने मिस्त्री एक खूण सांगतात: सर्वांत लांब भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पिळला तर पाव फेरा वळावा. ही खूण ढोबळ आहे. माणसामाणसाच्या बोटात फरक असतो, आणि ऊसतोडणाऱ्या हाताची चिमूट तर वेगळीच! माप मिळत असेल तेथे मापच घ्यावे.

ह्या पट्ट्याला राळ, ग्रीस, बेल्टची पेस्ट, काहीही लावू नये. तेलाने भिजलेला पट्टा पुसून परत घालू नये. सील बदलावे आणि पट्टाही नवाच घालावा. टेन्शनर हाताने फिरवून पाहावा, खरखर लागली तर तोही त्याच वेळी बदलावा. खालचे-वरचे कव्हर तुटले असले तर आमच्या मते ते आधी मिळवावे. काळ्या मातीची धूळ आणि बारीक खडा दात्यात गेला तर बरोबर दिलेला ताणही उपयोगी पडत नाही. गाडी वर्षात थोडीच चालते म्हणून पट्टा नवा आहे असेही समजू नये. रबर वयाने तडकते, म्हणून कंपनी किलोमीटर देते आणि बहुधा वर्षेही देते. जे आधी भरेल ते धरावे.

सगळे झाल्यावर प्लग लावण्याआधी इंजिन पान्याने आणखी दोन फेरे फिरवावे. कोठे अडले तर जोर करू नये, खुणा परत पाहाव्यात. मोकळे फिरले तर प्लग, वायर लावून गाडी चालू करावी आणि कव्हरजवळ कान द्यावा. शिट्टी आली तर ताण जास्त, फटफट आली तर कमी. मग एका चिठ्ठीवर तारीख आणि मीटरवरचा आकडा लिहून ती कव्हरजवळ कोरड्या जागी चिकटवावी. पुढे गाडी विकली तरी घेणाऱ्याला ती उपयोगी पडते.