मागे बसणाऱ्याचं डोकं

एव्हरशाईन सिटीतून सकाळी वसई रोड स्टेशनकडे निघालेल्या दुचाक्यांवर चालवणाऱ्याच्या डोक्यावर अधूनमधून तरी हेल्मेट दिसतं. मागे बसलेल्याच्या डोक्यावर क्वचितच. अपघात नशिबाचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण माणसं रुग्णालयात पोचतात त्या वाटा बऱ्याचशा ठरलेल्या असतात आणि त्यातली एक मागच्या सीटवरून जाते, असं माझं मत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात दगावले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. सीटबेल्टविना गेलेल्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळपास बरोबरीच. आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोटारीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मग मागच्या बेल्टची चर्चा झाली. स्कूटरची मागची सीट त्या चर्चेत फारशी आली नाही.

‘पाच मिनिटांचं अंतर, गाडी हळूच चालते, हेल्मेट कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप. तो हिशेबात टिकत नाही. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी उभी असतानाही तेवढ्यावरून डोकं थेट खाली आलं, तर ते ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने डांबरावर आदळतं. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. शिवाय मागच्याला खड्डा दिसत नाही, हातात हँडल नसतं आणि मागचं चाक उसळलं की झटका थेट त्यालाच बसतो. एका बाजूला पाय टाकून बसणारीला तर तोल सावरायला पायांचा आधारही नसतो. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. केस विस्कटतात, उकडतं, हे खरंच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: खड्डे पालिकेचे, पाणी तुंबतं तेही त्यांच्यामुळे, मग भुर्दंड आम्हाला का? दोष त्यांचाच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ती जरूर मागावी. पण ती हाड मोडल्यावर मिळते, आणि पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा न्यायालयालाही दिसत नाही.

तेव्हा दुसरं हेल्मेट घ्या, आयएसआय खुणेचं, आणि पट्टा बांधा. सैल हेल्मेट पडताना आधीच उडून जातं. शक्यतो दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा, ओढणी-पदर खोचून घ्या. चार वर्षांखालच्या मुलासाठी छोटं हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा नियमानेच लागतो, वेगही चाळीसच्या आत हवा. डोक्यावर पडल्यावर रक्त आलं नाही म्हणून घरी जाऊन झोपू नका. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.