व्यवसाय कर, रोजगार हमी आणि भिन्न समाजगट

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अध्ययनानंतर आपणास,
• करधोरणाचा रोजगारावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• एकाच कराचे भिन्न समाजगटांवरील परिणाम सोदाहरण सांगता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कराचा विचार करताना ‘कर कोण भरतो?’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. ‘त्या करातून काम कोणाला मिळते?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील व्यवसाय कराच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

विषय-विवेचन

वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला 1972 च्या दुष्काळानंतर कायमस्वरूपी निधीची गरज होती. त्यासाठी 1975 पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. 1977 च्या रोजगार हमी अधिनियमाची अंमलबजावणी 26 जानेवारी 1979 पासून झाली आणि ग्रामीण भागातील प्रौढांना अकुशल काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. या निधीत करउत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने स्वतः घालावयाची होती.

आता करभार पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला 2,500 रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. दरमहा 10,000 रुपयांहून अधिक वेतन असलेला पुरुष ही कमाल रक्कम भरतो. म्हणून 15,000 रुपये मिळवणाऱ्यावर उत्पन्नाच्या सुमारे 1.4 टक्के, तर एक लाख मिळवणाऱ्यावर केवळ 0.2 टक्के भार पडतो. या अर्थाने हा कर प्रतिगामी आहे.

एप्रिल 2023 पासून स्त्रियांसाठी करमुक्त वेतनाची मर्यादा दरमहा 10,000 वरून 25,000 रुपये झाली. दिलासा स्वागतार्ह असला, तरी 25,000 रुपये मिळवणाऱ्या स्त्रीची बचत वेतनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पाळणाघर व प्रवासाचा खर्च पाहता, एवढ्याने नोकरी करण्याचा निर्णय क्वचितच बदलेल. शिवाय ही सवलत शेतमजूर स्त्रीपर्यंत पोहोचतच नाही.

तिच्यापर्यंत पोहोचतो तो कराचा खर्च. गावाजवळचे काम, स्त्री-पुरुषांना समान दर आणि शिक्षणाची अट नसणे, यांमुळे हमीच्या कामांवर स्त्रियांची उपस्थिती मोठी राहिली. मात्र केवळ निधी असणे पुरेसे नसते. 1988 मध्ये किमान वेतन सुमारे दुप्पट झाल्यावर मजुरी वाढली, पण कामाचे मनुष्यदिवस घटले. खर्च आवरण्यासाठी कामेच कमी उघडली गेली, असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

सारांश

कर कोणाकडून येतो आणि कोणासाठी खर्च होतो, या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय करधोरण न्याय्य आहे की नाही, हे ठरवता येत नाही. वसुलीत प्रतिगामी असलेला कर दुर्बलांच्या रोजगारावर खर्च झाला, तरच त्याचे समर्थन करता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. व्यवसाय कर प्रतिगामी का ठरतो?
2. स्त्रियांच्या रोजगारासाठी करसवलत अधिक परिणामकारक की हमीचे काम? आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन चर्चा करा.